मिलानमध्ये खासगी हॉस्पिटलात जाताय? काउंटरवर विचारला जाणारा 'तो' एक प्रश्न आधी समजून घ्या

समजा, पुण्याहून मिलानच्या पॉलितेक्निकोमध्ये शिकायला गेलेला एक मुलगा आहे. रविवारी मैदानात मित्रांसोबत टेनिस बॉलवर क्रिकेट खेळताना त्याचा गुडघा मुरगळतो. दोन दिवसांनीही सूज उतरत नाही. कुणीतरी सांगतं, अमुक हॉस्पिटलला जा, खासगी आहे, एकदम चकाचक आहे. तो जातो. काउंटरवरची बाई मान वर न करता विचारते, "एसएसएन की प्रिवातो?"

हॉस्पिटल खासगी आहे म्हटल्यावर उत्तर खासगीच असणार, असं समजून तो 'प्रिवातो' म्हणतो. आधी डॉक्टरची फी, मग एमआरआयचे दीड-दोनशे युरो. एक युरो साधारण शंभर रुपये धरला, तर हिशोब कुणीही करेल. त्याच बाकावर बसलेले एक इटालियन आजोबा त्याच मशीनमध्ये गुडघ्याचा एमआरआय करून घेतात आणि ३६ युरो देऊन घरी जातात.

फसवणूक कुणीच केलेली नाही. आजोबांच्या हातात एक चिठ्ठी होती, मुलाच्या हातात नव्हती. आणि 'खासगी' या शब्दाचा मिलानमधला अर्थ त्या मुलाला माहीत नव्हता.

इमारत खासगी, उपचार सरकारी

आपल्याकडे गणित सोपं आहे. ससून सरकारी, बाकी खासगी. सरकारीत गर्दी, खासगीत बिल. इटलीत हा हिशोब चालत नाही.

२३ डिसेंबर १९७८ रोजी इटलीने ८३३ क्रमांकाचा कायदा केला आणि त्यातून 'सेर्वित्झियो सानितारियो नाझ्योनाले', म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. यालाच तिथे सगळे एसएसएन म्हणतात. खर्च करातून भागतो, कारभार प्रत्येक प्रांत आपापला बघतो. मिलान ज्या लोम्बार्दिया प्रांतात आहे, त्याने १९९७ साली एक वेगळी वाट धरली. सरकारी हॉस्पिटलांसोबतच मान्यताप्राप्त खासगी हॉस्पिटलांनीही एसएसएनचे रुग्ण तपासायचे आणि पैसे प्रांताने द्यायचे, अशी ती व्यवस्था.

म्हणून सान राफाएले किंवा रोझ्झानो इथलं हुमानितास ही हॉस्पिटलं मालकीने खासगी असली, तरी तिथे येणारे बरेचसे रुग्ण एसएसएनचेच असतात. या प्रकाराला 'प्रिवातो अक्रेदितातो' किंवा बोलीत 'कॉन्वेन्झ्योनातो' म्हणतात. याच हॉस्पिटलात एक वेगळं काउंटर असतं, बहुतेक वेळा जरा बरे सोफे असलेलं. त्यावर 'सोल्वेन्ती' किंवा 'सोल्वेन्झा' लिहिलेलं असतं. शब्दशः अर्थ, पैसे देऊ शकणारे. तिथे सगळा खर्च रुग्णाचा किंवा त्याच्या विमा कंपनीचा.

तिसरा प्रकार ऐकून आपल्याकडचे लोक चक्रावतात. निग्वार्दा किंवा पॉलिक्लिनिको ही सरकारी हॉस्पिटलं. पॉलिक्लिनिकोची तर स्थापना १४५६ सालची, ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या काळातली. पण तिथले सरकारी पगारावरचे डॉक्टर ड्युटीची वेळ संपल्यावर त्याच हॉस्पिटलात फी घेऊन खासगी रुग्ण तपासू शकतात. कायद्याने ही मुभा आहे, पावती हॉस्पिटलची मिळते आणि फीचा काही वाटा हॉस्पिटलला जातो. याला 'इन्त्रामेनिया' म्हणतात. म्हणजे सरकारी इमारतीत खासगी आणि खासगी इमारतीत सरकारी, दोन्ही एकाच शहरात.

चौथा प्रकार पूर्ण खासगी. एसएसएनशी कसलाही करार नसलेले दवाखाने, लहान क्लिनिक आणि काही 'काझा दी कूरा', म्हणजे नर्सिंग होम.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना त्यामुळे हॉस्पिटल खासगी आहे का, हे विचारून काही कळत नाही. "ही तपासणी कॉन्वेन्झ्योने मध्ये होते का?" असं विचारायचं.

ती चिठ्ठी कुठे मिळते?

तिचं नाव 'इम्पेन्यातिवा'. पूर्वी लाल छपाईची असायची म्हणून अजूनही लोक 'रिचेत्ता रोस्सा', लाल चिठ्ठी म्हणतात. आता ती बहुतेक इलेक्ट्रॉनिक असते आणि रुग्णाला एका साध्या कागदावर किंवा फोनवर तिचा नंबर मिळतो. ती देतो 'मेदिको दी बाझे', म्हणजे एसएसएनने नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे जायला फी नाही.

या चिठ्ठीवर तपासणी केली की रुग्णाने फक्त 'तिकेत' द्यायचं. हे तिकीट नव्हे, तर खर्चातला रुग्णाचा वाटा. एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त ३६ युरो १५ सेंट ही देशपातळीवरची मर्यादा आहे आणि एकाच शाखेच्या आठपर्यंत तपासण्या एका चिठ्ठीत बसतात. रक्ताच्या आठ चाचण्या असोत की एक एमआरआय, तिकेत या मर्यादेच्या वर जात नाही. वय, उत्पन्न, जुनाट आजार यांवर सूटही असते.

इथे खरी युक्ती आहे, आणि मिलानमध्ये मुरलेली माणसं ती बरोबर वापरतात. खासगी तज्ज्ञाला दाखवायचं, पण त्याने सांगितलेल्या तपासण्या लगेच त्याच काउंटरवर पैसे भरून करायच्या नाहीत. त्याचा कागद घेऊन मेदिको दी बाझेकडे जायचं आणि इम्पेन्यातिवा मागायची. डॉक्टर ती द्यायला बांधील नाही. तपासणी गरजेची आहे की नाही हे तो स्वतः ठरवतो. पण पटलं तर देतो. मग तज्ज्ञाची फी तेवढी खिशातून, बाकीचं तिकेतवर.

ऑपरेशनच्या बाबतीतही अनेक कुटुंबं हेच करतात. पैसे देऊन एखाद्या सर्जनचं मत घ्यायचं आणि ऑपरेशन एसएसएनमधून करायचं. यात बेकायदा काही नाही. मात्र खासगीत फी भरली म्हणून एसएसएनच्या यादीत तुमचा नंबर वर सरकवतो, असं कुणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही.

मग लोक खासगीत जातात तरी का?

रांगेमुळे. एसएसएनमध्ये उपचार स्वस्त आहेत, पण तारीख मिळताना जीव जातो. इटलीच्या सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे इस्तातच्या आकड्यानुसार २०२३ साली साधारण ४५ लाख लोकांनी गरज असूनही तपासणी किंवा उपचार टाळले. लांबलेल्या तारखा आणि परवडत नसलेला खर्च ही त्यामागची मोठी कारणं.

पण रांगेलाही नियम आहेत आणि नव्याने गेलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. इम्पेन्यातिवावर एक अक्षर असतं. 'यू' असेल तर ७२ तासांच्या आत. 'बी' असेल तर १० दिवसांत. 'डी' असेल तर तज्ज्ञाची भेट ३० दिवसांत आणि तपासणी ६० दिवसांत. 'पी' असेल तर १२० दिवसांत. हे अक्षर डॉक्टर ठरवतो, म्हणून दुखणं किती आहे, कामावर जाता येतं का, रात्री झोप लागते का, हे त्याला नीट सांगायचं. "थोडं दुखतंय" म्हणणाऱ्या माणसाला 'पी' मिळतो. आपल्या लोकांना डॉक्टरसमोर सहन करून दाखवायची सवय असते, ती इथे महागात पडते.

समजा, अक्षर 'बी' आहे आणि बुकिंग केंद्र, म्हणजे 'कुप', चार महिन्यांनंतरची तारीख देतंय. तेव्हा बहुतेक जण वैतागून खासगीत पैसे भरतात. वास्तविक १९९८ सालच्या १२४ क्रमांकाच्या अध्यादेशानुसार, पहिल्याच वेळच्या भेटीसाठी किंवा तपासणीसाठी मुदतीत तारीख मिळत नसेल, तर रुग्ण तीच सेवा इन्त्रामेनियामध्ये मागू शकतो आणि त्याने द्यायचं फक्त तिकेत. २०२४ च्या प्रतीक्षायादीविषयीच्या कायद्याने हा हक्क आणखी स्पष्ट केला आणि मान्यताप्राप्त खासगी संस्थांचा पर्यायही त्यात आणला. यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, सोबत इम्पेन्यातिवा आणि मिळालेल्या तारखेचा पुरावा जोडावा लागतो. त्यामुळे कुपवर फोन केला की तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याने दिलेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे, आधी खासगीत पैसे भरून नंतर पावती पुढे करण्याच्या भरवशावर राहू नका. अर्ज आधी, तपासणी नंतर.

"बुकिंग बंद आहे, पुढच्या महिन्यात फोन करा," हे उत्तरही हमखास मिळतं. २००५ च्या २६६ क्रमांकाच्या कायद्याने बुकिंग असं बंद ठेवायला मनाई केली आहे. हे वाक्य इटालियनमध्ये पाठ करून ठेवलं की काउंटरवरचा सूर बदलतो, असं तिथले लोक सांगतात.

पण तुम्ही एसएसएनमध्ये आहात का?

वरचं सगळं ज्याची एसएसएनमध्ये नोंद आहे त्याच्यासाठी. नोकरीवर गेलेल्यांची आणि त्यांच्यासोबत कुटुंब म्हणून गेलेल्यांची नोंद हक्काने होते. 'कोदिचे फिस्काले' हा सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक, राहण्याचा परवाना आणि पत्ता घेऊन आरोग्य कार्यालयात जायचं, डॉक्टर निवडायचा आणि 'तेसेरा सानितारिया' हे कार्ड मिळवायचं. कार्डाची मुदत परवान्याच्या मुदतीला जोडलेली असते. परवान्याचं नूतनीकरण रखडलं की कार्डही संपतं आणि हे नेमकं आजारी पडल्यावर लक्षात येतं. नूतनीकरणाच्या अर्जाची पोस्टाची पावती दाखवून नोंद वाढवून मिळते. ती पावती जपून ठेवावी.

विद्यार्थ्यांचं वेगळं आहे. त्यांना ऐच्छिक नोंदणी करावी लागते. २०२३ पर्यंत त्यासाठी वर्षाला १४९ युरो ७७ सेंट पडत. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ते थेट ७०० युरोंवर नेले. आणि वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्या मुलाने नोंदणी केली तरी पूर्ण पैसे आणि हातात चार महिने.

त्यामुळे बहुतेक मुलं स्वस्तातली खासगी पॉलिसी घेतात. परवान्याला ती चालते. पण अशा अनेक पॉलिसींमध्ये फक्त तातडीचे उपचार येतात, आणि अशा मुलांना मेदिको दी बाझे मिळत नाही. डॉक्टर नाही म्हणून इम्पेन्यातिवा नाही, म्हणून ३६ युरोंचा दरवाजा बंद. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचं हेच झालेलं असतं. ज्याला दमा, थायरॉईड, मधुमेह असं काही कायमचं आहे, त्याने ७०० युरोंचा आकडा बघून घाबरण्याआधी वर्षभराच्या औषधांचा आणि तपासण्यांचा हिशोब मांडावा. पुष्कळदा नोंदणीच स्वस्त पडते.

नोंद नसली तरी सरकारी हॉस्पिटलचा पर्याय असतोच. तिथे नोंद नसलेल्या परदेशी रुग्णाला प्रांताने ठरवलेला पूर्ण दर भरावा लागतो. तो तिकेतपेक्षा जास्त असला तरी सोल्वेन्झाच्या काउंटरवरच्या दरापेक्षा बऱ्याचदा कमी असतो. विचारायला काहीच लागत नाही.

पैसे देऊन जाणार असाल तर

सगळ्यांनाच खासगी टाळता येत नाही, आणि टाळायचं कारणही नाही. मिलानमध्ये तज्ज्ञाची खासगी भेट साधारण शंभर ते अडीचशे युरोंच्या दरम्यान पडते, नावाजलेल्या प्राध्यापकाची त्याहून जास्त. काही दिवसांत वेळ मिळते, डॉक्टर निवडता येतो, इंग्रजी बोलणारा शोधता येतो. प्रश्न पुढच्या गोष्टींचा असतो.

पहिली गोष्ट 'प्रेवेन्तीवो'. म्हणजे अंदाजपत्रक. २०१७ च्या १२४ क्रमांकाच्या कायद्याने व्यावसायिकांना ते लेखी किंवा डिजिटल स्वरूपात देणं बंधनकारक आहे, आणि यात डॉक्टरही येतात. तोंडी आकड्यावर काहीही ठरवायचं नाही. ऑपरेशन असेल तर त्या कागदात काय आहे यापेक्षा काय नाही हे शोधायचं. सर्जनसोबत भूलतज्ज्ञाची फी धरलेली आहे का? इम्प्लांटची किंमत? काढलेला तुकडा तपासायला पाठवला तर त्या हिस्टोलॉजीचे पैसे? ऑपरेशननंतरची पहिली भेट? एक रात्र जास्त राहावं लागलं तर?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो विचारायला माणसं संकोचतात. गुंतागुंत झाली तर काय? अनेक लहान काझा दी कूरांमध्ये अतिदक्षता विभाग नसतो, अपघात विभागही नसतो. प्रकरण हाताबाहेर गेलं की रुग्णाला अँब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलात नेलं जातं. पित्ताशयाचं ऑपरेशन एखाद्या तरुण माणसावर करायचं असेल तर कदाचित हे चालेल. हृदयविकार असलेल्या पासष्टीच्या माणसावर करायचं असेल तर खोलीच्या खिडकीतून काय दिसतं यापेक्षा खालच्या मजल्यावर 'तेरापिया इन्तेन्सिवा' आहे का हे बघावं.

पैसे कार्डाने किंवा बँकेतून द्या. रोख दिले तर सवलत, असं कुणी सुचवलं तर ती सवलत तुमच्या खिशातून जाते. इटलीत आयकर भरणाऱ्याला वैद्यकीय खर्चातल्या १२९ युरो ११ सेंटच्या वरच्या रकमेवर १९ टक्के करसवलत मिळते. २०२० पासून ही सवलत खासगी डॉक्टरच्या बाबतीत फक्त माग काढता येणाऱ्या पेमेंटवर आहे. औषधं आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त हॉस्पिटलांतल्या सेवा रोखीलाही चालतात. पावती म्हणजे 'फात्तुरा', आणि त्यावर तुमचा कोदिचे फिस्काले हवा. बिलावर दोन युरो जास्त दिसले तर भांडू नका, ७७ युरो ४७ सेंटच्या वरच्या करमुक्त बिलाला लागणारं ते मुद्रांक आहे.

डॉक्टर खरोखर डॉक्टर आहे का, हेही दोन मिनिटांत बघता येतं. डॉक्टरांच्या राष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंदणी आणि पात्रता दिसते.

हे दातांच्या बाबतीत तर कराच. एसएसएनमध्ये मोठ्या माणसांच्या दातांचे उपचार फारसे येत नाहीत, त्यामुळे जवळपास सगळा देश खासगी डेंटिस्टकडे जातो. महाग आहे, म्हणून स्वस्त शोधला जातो, आणि तिथेच पदवी नसताना खुर्ची टाकून बसलेले लोक भेटतात. काराबिनिएरी पोलिसांचं आरोग्यविषयक पथक अशांवर नेमाने छापे घालतं. परदेशातून आलेल्यांना भाषेमुळे ओळखीतून कळलेला दवाखाना बरा वाटतो, म्हणून तर आधी नाव तपासायचं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी दाढा, रूट कॅनाल, चष्म्याचा नंबर ही कामं निघण्याआधी उरकलेली बरी.

विमा आहे म्हणून निर्धास्त?

मिलानच्या बऱ्याच नोकऱ्यांसोबत आरोग्यनिधी येतो. दुकानं-व्यापारातल्या कामगारांना 'फोन्दो एस्त', धातू आणि यंत्र उद्योगातल्यांना 'मेतासालुते'. कित्येकांना आपल्या पगारपत्रकातून किंवा मालकाकडून याचे पैसे जातात हेच माहीत नसतं. पगाराच्या कागदावर एकदा नजर टाका.

विमा वापरायचे दोन मार्ग. थेट, म्हणजे कंपनीने करार केलेल्या हॉस्पिटलात जायचं आणि बिल कंपनी भरते. किंवा परतफेड, म्हणजे आधी आपण भरायचं, मग मागायचं. थेट मार्गात जाण्याआधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते ज्यावर निदान किंवा संशयित निदान लिहिलेलं असतं. नुसतं 'गुडघ्याचा एमआरआय' लिहिलेली चिठ्ठी परत येते. 'गुडघ्याचा एमआरआय, अस्थिबंधाच्या दुखापतीचा संशय' अशी हवी.

आणखी एक खड्डा असा की हॉस्पिटल कंपनीच्या यादीत असतं, पण तुम्हाला हवा असलेला डॉक्टर नसतो. हॉस्पिटलला फोन करताना दोन्हींची नावं घेऊन विचारा.

पॉलिसीत चार शब्द शोधायचे. 'फ्रांकीजा' म्हणजे दर वेळी तुम्ही भरायची ठरलेली रक्कम. 'स्कोपेर्तो' म्हणजे बिलाचा तुमच्या वाट्याचा टक्का. 'मास्सिमाले' म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देईल. 'कारेन्झा' म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून किती दिवस ती लागूच होत नाही. आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात.

आई-बाबा भेटायला आलेत आणि छातीत दुखतंय

मे-जूनमध्ये मुलाकडे आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हे घडू शकतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा काढलेला असतो, तो कागद बॅगेत कुठेतरी असतो, आणि घरातले चांगलं खासगी हॉस्पिटल कुठलं म्हणून फोन फिरवत बसतात.

असं करू नका. ११२ लावा. मिलानमध्ये पोलीस, आग, अँब्युलन्स, सगळ्यांना हाच नंबर. अँब्युलन्स कुठे न्यायचं ते ठरवते आणि ते बहुतेकदा बरोबर असतं. 'प्रोन्तो सोक्कोर्सो', म्हणजे तातडीचा विभाग, कुणालाही परत पाठवत नाही. कागद नंतर बघितले जातात. राहण्याचा परवाना नसलेल्या माणसालाही तातडीचे आणि अत्यावश्यक उपचार मिळतात आणि हॉस्पिटलने त्याची माहिती पोलिसांना कळवू नये असं १९९८ च्या स्थलांतरविषयक कायद्यातच लिहिलेलं आहे.

तिथे गेल्यावर नर्स तपासून रंग देते. लाल, नारिंगी, निळा, हिरवा, पांढरा. क्रम येण्याच्या वेळेवर नसतो, रंगावर असतो. पांढरा मिळाला तर बरेच तास बसावं लागतं आणि एसएसएनच्या रुग्णालाही २५ युरो भरावे लागतात. नोंद नसलेल्या पाहुण्यांना उपचारांचं बिल येतं, म्हणूनच त्यांच्या विमा कंपनीच्या मदतकेंद्राला पहिल्या काही तासांतच फोन जायला हवा. उशिरा कळवलं हे दावा अडकायचं नेहमीचं कारण.

ताप, पोटदुखी, रात्रीचा खोकला अशा गोष्टींना प्रोन्तो सोक्कोर्सो गाठायची गरज नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ११६११७ वर डॉक्टर मिळतो. ऑगस्टमध्ये तर हा नंबर लक्षात ठेवाच, कारण १५ ऑगस्टच्या फेरागोस्तोच्या आगेमागे अर्धं मिलान समुद्रकिनारी असतं आणि बहुतेक खासगी डॉक्टरही.

गोळ्या, गरोदरपण आणि जाताना घ्यायचे कागद

खासगी डॉक्टर देतो ती 'रिचेत्ता बियांका', पांढरी चिठ्ठी. तिच्यावर औषध मिळतं, पण पूर्ण किमतीला. तेच औषध एसएसएनच्या 'अ' वर्गातलं असेल आणि मेदिको दी बाझेने त्याच्या चिठ्ठीवर लिहून दिलं, तर फुकट किंवा किरकोळ पैशांत मिळतं. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय कुठलाही फार्मासिस्ट देत नाही, कितीही ओळख काढा. भारतातून नेलेल्या गोळ्यांची ब्रँडनावं तिथे कुणाला कळत नाहीत, म्हणून डॉक्टरकडून मूळ घटकाचं नाव आणि मात्रा टाइप करून घ्या.

गरोदरपणात खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ धरण्याची पद्धत इटलीतही जोरात आहे. पण ठरलेल्या वेळच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी एसएसएनमध्ये मोफत असतात. त्यासाठी चिठ्ठीवर 'एम' हे अक्षर आणि कितवा आठवडा आहे तो आकडा लागतो. पूर्ण खासगी डॉक्टरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर ही सूट मिळत नाही. अनेक जोडपी हे न कळल्याने नऊ महिने पैसे भरत राहतात. तपासण्या मेदिको दी बाझे किंवा परिसरातल्या सरकारी 'कोन्सुल्तोरियो' केंद्रातून लिहून घ्यायच्या, भेटी हव्या तर खासगीत ठेवायच्या.

ॲडमिट झालेल्या प्रत्येकाने निघताना 'कार्तेल्ला क्लिनिका' मागावी. ही संपूर्ण केसपेपरची फाईल, डिस्चार्जचं दोन पानी पत्र नव्हे. २०१७ च्या २४ क्रमांकाच्या कायद्यानुसार मागणी केल्यापासून सात दिवसांत उपलब्ध कागद द्यायचे आणि काही राहिलंच तर ते ३० दिवसांत पूर्ण करायचे असतात. खासगी हॉस्पिटलांनाही हे लागू आहे. काही वाद झाला तर हॉस्पिटलच्या जनसंपर्क कार्यालयात, म्हणजे 'उर्प' मध्ये लेखी तक्रार द्यायची, किंवा चित्तादिनान्झात्तिवा या संघटनेच्या रुग्णहक्क केंद्राकडे जायचं. १९८० पासून ते हेच काम करतात.

एमआरआयची सीडी, ऑपरेशनची टिपणं आणि बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर लावलेला कागद एकत्र ठेवा. भारतातल्या विमा कंपनीकडे दावा करायचा असेल तर मूळ फात्तुरा, पैसे भरल्याचा पुरावा आणि निदान लिहिलेलं पत्र लागतं, आणि हे सगळं इटालियनमध्ये असतं. इंग्रजी सारांश देता का, हे डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डात विचारून ठेवा. नाशिकला पोहोचल्यावर ईमेल करून तो मागवण्यात आठवडे जातात.